न हलणारा रानपिंगळा

“घुबडासारखे डोळे वटारून बघत काय बसलीस? सुई चुकेल ना माझी!”

हा आवाज घुबडताईच्या कानात कित्येक वर्षं बिऱ्हाड करून राहिला होता. आवाज अण्णांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा. अण्णा शिंपी. दुकानात त्यांचं मशीन, मशीनखाली चिंध्यांचा ढीग, आणि त्या ढिगात गाल तळहातांवर टेकून वर बघत बसलेली एक चिमुरडी. वर सुई नाचायची, चाक घरघरायचं आणि अण्णा त्या घरघरीत सूर मिसळून गुणगुणायचे,

सुई धावे पुढे, दोरा तिच्या मागे,
फाटल्या दिसाला गं बाई टाका लागे.

गाणं संपलं की खाली वाकून दरडावायचे, “घुबडासारखे डोळे...!”

आता याला शाप म्हणा नाहीतर भविष्यवाणी, पण पोरगी मोठी झाली आणि खरोखरच घुबडांच्या मागे लागली! जंगलाच्या कडेला पक्षी-पाहणीचं एक छोटं केंद्र होतं, तिथली ती प्रमुख. खरं नाव कचेरीच्या दारावरच्या पाटीपुरतं उरलं होतं. तोंडावर आणि पाठीमागे सगळे तिला घुबडताईच म्हणत.

तिचा जीव रानपिंगळ्यात अडकला होता. रानपिंगळा म्हणजे ओंजळीत मावेल एवढं घुबड. पाठ तपकिरी, पोट पांढरं, डोळे पिवळेजर्द. बाकीची घुबडं रात्रपाळी करतात. हा मात्र दिवसाढवळ्या, अगदी कचेरीच्या वेळेत कामावर हजर! पण जंगलं आटत गेली तसा हाही आटत गेला. उरलेसुरले पिंगळे शोधायचे, मोजायचे, त्यांच्या ढोली सांभाळायच्या, हे घुबडताईचं काम.

म्हातारपणी तिच्याकडे राहायला आलेल्या अण्णांना हे काम कधी पटलं नाही. रोज संध्याकाळी ते चष्म्यावरून विचारायचे, “काय, झाली का पाखरांची शिरगणती? घरचे सगळे बरे आहेत ना त्यांच्या?”

घुबडताई दुर्बीण खुंटीला टांगायची. लोकांच्या चार कौतुकाच्या शब्दांपेक्षा या एका माणसाचा एक बरा शब्द तिला हवा होता, आणि तो शब्द काही निघत नव्हता. अण्णांच्या तोंडात नेहमी टाचण्या धरलेल्या असायच्या. धंदा सुटला तरी ती सवय सुटली नव्हती. बोलणार कुठून!

तर त्या आठवड्यात घोर होता जुन्या राईचा. ओढ्यापलीकडची ती राई म्हणजे वठलेल्या, पोकळ, कुबड निघालेल्या झाडांचा वृद्धाश्रम. सुताराच्या कामाची नाहीत, सावलीच्या कामाची नाहीत; पण पिंगळ्याला घरटं करायला ढोली लागते आणि ढोली अशाच झाडात मिळते. त्याच राईतून नवा रस्ता काढायचं ठरत होतं. घुबडताईनं तिथे पिंगळ्याचा आवाज ऐकला होता. दिसला मात्र एकदाही नव्हता.

“आवाजाचं काय घेऊन बसलात?” वनखात्याचे मोठे साहेब फोनवर शिंकत म्हणाले. त्यांना बारा महिने सर्दी. “आवाज तर रेडिओही काढतो. मी शुक्रवारी येतो. पक्षी डोळ्यांनी दिसला तर रस्ता वळवू. नाही दिसला तर झाडं पडली म्हणून समजा.”

“साहेब, शुक्रवारी तुम्हाला पिंगळा दाखवला नाही तर नाव बदलीन!” घुबडताई ताडकन म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिचा नवरा शांतपणे म्हणाला, “कुठलं नाव? घुबडताई हे नाव बदलायला तर तू एका पायावर तयार असशील.” नवरा शाळामास्तर. दिवसभर मुलांसमोर गंभीर राहून साठलेली थट्टा घरी आणून ओतायचा.

रात्री जेवताना तिनं गाऱ्हाणं मांडलं. “दुसऱ्या केंद्रांवर कापडाचा नाहीतर लाकडाचा नकली पिंगळा फांदीवर बसवतात आणि शेजारी रेकॉर्ड केलेला आवाज वाजवतात. खऱ्याला वाटतं, माझ्या घरात हा उपटसुंभ कोण! चवताळून ढोलीतून बाहेर येतो. आमच्याकडे मागितला, तर हेडक्लार्क म्हणतात, खेळणी मुलांनी घरून आणावीत!”

मास्तर हसले. अण्णांनी घास तसाच हातात धरून विचारलं, “शेपूट केवढं असतं त्याचं?”

“अण्णा, आज थट्टा नको हं!”

अण्णांनी घास तोंडात घातला.

बुधवारी सकाळी घरात एकच गोंधळ! घुबडताईच्या रेनकोटाची वरची दोन मोठी पिवळी बटणं गायब. तिनं तिथे सेफ्टी पिना अडकवल्या. तिकडे मास्तर कपाटात डोकं खुपसून ओरडत होते, “माझा तपकिरी कोट कुणी पाहिलाय का? शनिवारी शाळेत बक्षीस समारंभ आहे!”

“कपाटातच असेल!”

“कपाटात फक्त हँगर आहे!”

“मला पिंगळा सापडत नाही आणि तुला कोटाचं पडलंय!” असं म्हणत ती बाहेर पडली. दाराशी अण्णांच्या दुकानातली लांब आकडी उभी होती. उंचावरचे कपडे काढायची ती काठी, आज टोकापर्यंत चिखलानं माखलेली. घुबडताईनं ती ओलांडली आणि पुढे गेली. जंगलात सरड्याच्या शेपटीचा ठसा ओळखणाऱ्या बाईला घरातला चिखल दिसला नाही!

ओढ्याच्या अलीकडे तिनं स्वतःच एक दोरी बांधली होती. पक्ष्यांना त्रास नको म्हणून दोरीपुढे कुणी पाऊल टाकायचं नाही, हा तिचा नियम. तिथे वनरक्षक होयबा उभा होता. त्याचं खरं नाव कुणालाच आठवत नव्हतं. त्याला विचारावं, “तुझं नाव अमुक का?” तर तो “होय” म्हणायचा, “तमुक का?” तरी “होय”!

घुबडताईनं दुर्बीण डोळ्यांना लावली, राईवरून फिरवली आणि एकदम थांबवली. मधल्या वठलेल्या झाडावर, आडव्या बोडक्या फांदीवर, गोल डोक्याचा, तपकिरी पाठीचा, पिवळ्या डोळ्यांचा...

“होयबा! पिंगळा! दिसतोय?”

“होय ताई! स्पष्ट!” होयबा म्हणाला. त्याच्या दुर्बिणीची झाकणं अजून काढायची होती.

घुबडताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एवढे दिवस ज्याच्यासाठी कानांत प्राण आणले होते, तो असा समोर बसला होता, जणू तिचीच वाट बघत! तिनं तिथूनच साहेबांना फोन लावला. होयबाच्या गळ्यात शिट्टी अडकवली. “मुंगीसुद्धा दोरीपलीकडे जाता कामा नये! आणि आता रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायचा नाही. घरात आलेल्या पाहुण्याला हाका कशाला मारायच्या?”

घरी येऊन तिनं बातमी सांगितली, तेव्हा अण्णा पाणी पीत होते. त्यांना असा ठसका लागला की मास्तरांना पाठ चोळावी लागली.

“कुठे दिसला म्हणालीस?”

“मधल्या वठलेल्या झाडावर!”

“आडव्या फांदीवर? बोडक्या?”

“हो! तुम्हाला कसं कळलं?”

“अगं, ते...”

“अण्णा, नाही! आज एकही कुजकट शब्द नको. आजचा दिवस मला आनंदात राहू द्या ना!” आणि तिनं अण्णांच्या गळ्यात हात टाकले. लहानपणी दुकान बंद झाल्यावर टाकायची, तसे. अण्णांनी तोंड उघडलं होतं, ते हळूच मिटलं. जणू टाचण्या परत जागेवर गेल्या.

गुरुवारी सकाळी पिंगळा तिथेच. दुपारीही तिथेच. वाऱ्यानं जरा कलला होता, तेवढंच.

“हलतो का?” मास्तरांनी विचारलं.

“रानपिंगळा फार संयमी पक्षी आहे.”

“कालपासून?”

“मान वाकडी करून बघतोय. जिज्ञासू आहे!”

पण तिच्या मनात पाल चुकचुकली. आजारी तर नसेल? शुक्रवारच्या आत काही झालं तर? तिनं पशुवैद्यांना फोन लावला.

“खातो का?” पशुवैद्यांनी विचारलं.

“बघितलं नाही.”

“शी करतो?”

“नाही.”

“उडतो? ओरडतो? निदान पापणी हलवतो?”

“नाही, नाही, नाही.”

“ताई, हा आजारी नाही,” पशुवैद्य खात्रीनं म्हणाले. “अशी लक्षणं मी आमच्या कचेरीत रोज बघतो. याची नोकरी कायम झाली असणार!”

तेवढ्यात ओढ्याकडून शिट्टीचा कल्लोळ उठला. घुबडताई पिना सावरत धावली. बघते तर दोरीशी होयबा हात पसरून उभा, आणि समोर अण्णा, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात आकडी.

“अण्णा! तुम्ही इथे?”

“फिरायला आलो होतो.”

“आकडी घेऊन?”

“आधाराला.”

“एवढी लांब?”

“या वयात आधार मोठा लागतो.”

“अहो, माझा पिंगळा घाबरून उडून गेला असता!”

“तो नाही उडायचा,” अण्णा पुटपुटले.

“तुम्हाला काय माहीत पक्ष्यांबद्दल? जन्मात एकदा तरी कौतुकानं बघितलंत का त्यांच्याकडे?” घुबडताईचा आवाज चिरकला. तिलाच वाईट वाटलं, पण शब्द सुटून गेले होते. अण्णांनी फांदीकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि आकडी खांद्यावर टाकून हरलेल्या मावळ्यासारखे मागे फिरले.

शुक्रवार उजाडला. मोठे साहेब नव्या कोऱ्या बुटांत, नाक पुसत पुसत आले. होयबानं सलाम ठोकला. मास्तर शाळेत गेले होते. अण्णांना कुणी बोलावलं नव्हतं, पण तेही छत्री घेऊन मागे येऊन उभे राहिले आणि ढगांचा अभ्यास करू लागले.

घुबडताईनं तीन पायांवरची मोठी दुर्बीण रोखली. साहेबांनी डोळा लावला.

“ओहो! काय देखणा आहे! आणि शिस्त बघा, अगदी माझ्यासाठी सावधान उभा!”

घुबडताईला आभाळ ठेंगणं झालं. राई वाचली! त्या भरात तिनं दुर्बिणीचं चाक फिरवून पिंगळा आणखी जवळ आणला. “साहेब, आता त्याचे डोळे दाखवते,” म्हणत आधी स्वतः डोळा लावला. नेमकं ढगाआडून ऊन आलं आणि सरळ पिंगळ्याच्या तोंडावर पडलं.

डोळा पिवळा होता. सुंदर होता. आणि बुबुळात चार भोकं होती!

घुबडताईनं डोळा चोळला, पुन्हा लावला. चार भोकं. त्यांतल्या एका भोकातून निघालेले तीन टाके उरलेल्या तीन भोकांत उतरले होते, पाखराच्या पावलासारखे. सगळं जग बटणाला फुलीचा नाहीतर सरळ टाका घालतं. पाखराच्या पावलाचा टाका घालणारा माणूस तिनं आयुष्यात एकच पाहिला होता. तिच्या शाळेच्या झग्यावर, पहिल्या नोकरीच्या सदऱ्यावर, या रेनकोटावर तेच पाऊल उमटलं होतं.

तिनं मान वळवली. अण्णांचा ढगांचा अभ्यास फारच खोल गेला होता.

बटणं, आकडी, चिखल, ‘शेपूट केवढं असतं’... सगळं एका दमात तिच्या डोक्यात शिवलं गेलं. घुबडताईला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण बटणासकट आत जावं! गप्प बसलं तर? साहेब होकार देतील, राई उभी राहील. एक शब्द फक्त गिळायचा होता. पण मग आजवर मोजलेला प्रत्येक पिंगळा त्या बटणांपाशी येऊन खोटा पडला असता. उद्या ती खरा दाखवील, तेव्हा लोक आधी भोकं मोजतील.

“साहेब,” ती म्हणाली. “तो पिंगळा नाही. ते कापड आहे.”

“वा!” साहेब दुर्बिणीतून न हलता म्हणाले. “अगदी मखमल!”

“तसं नाही साहेब. त्याच्या पोटात कापूस आहे.”

“कापसासारखंच मऊ दिसतंय! तुम्ही कविता करता का हो?”

“डोळे बटणांचे आहेत साहेब!”

“अगदी! बटणांसारखे!”

“साहेब!” घुबडताई किंचाळलीच. “ती माझ्या रेनकोटाची बटणं आहेत!” आणि तिनं छातीवरच्या दोन सेफ्टी पिना दाखवल्या.

साहेबांनी पिना बघितल्या. पिनांखालची पिवळी बटणं बघितली. दुर्बिणीत बघितलं. पुन्हा बटणं बघितली. त्यांचा चेहरा बुटांवरच्या चिखलाच्या रंगाचा झाला.

“म्हणजे तुम्ही मला एवढ्या चिखलातून बाहुला बघायला आणलंत?”

“होय साहेब!” सवयीनं होयबा म्हणाला.

“मग इथे पिंगळा नाही. विषय संपला. उद्यापासून झाडं...” साहेबांना पुढे बोलवेना. सर्दीनं उचल खाल्ली होती. त्यांनी हातरुमाल काढला आणि रागाची सगळी वाफ नाकावाटे सोडली. “हुंऽक! हुंऽक-हुक!”

राई क्षणभर गप्प झाली. आणि मग मधल्या झाडाच्या ढोलीतून, आतून कुठूनतरी, तस्सं उत्तर आलं.

“हुंऽक! हुंऽक-हुक!”

घुबडताईला एकदम उलगडा झाला. दोन दिवस तो उपटसुंभ मुका बसला होता. मुक्या पाहुण्याला कोण विचारतो? आता मात्र साहेबांच्या नाकातून त्यानं घरमालकाच्या दारात उभं राहून आवाज चढवला होता!

“साहेब,” ती कुजबुजली, “पुन्हा शिंकरा.”

“काय?”

“नाक! शिंकरा! राईसाठी!”

गोंधळलेल्या साहेबांनी पुन्हा शिंकरलं. त्याबरोबर ढोलीतून एक तपकिरी गोळा बंदुकीतून सुटल्यासारखा निघाला आणि थेट बाहुल्याच्या बोडक्यावर आदळला. साहेब दुर्बिणीला चिकटले.

“धरलं! अहो, पाठ फाडली त्याची! डोळा... डोळा काढला हो! सोडवा कुणीतरी!”

“साहेब, मार खातोय तो शिवलेला,” घुबडताई हसत-रडत म्हणाली. “मारतोय तो खरा!”

कापसाचे पुंजके वाऱ्यावर तरंगत होते. ढोलीच्या तोंडाशी आणखी एक गोल डोकं वर आलं आणि नवऱ्याचा पराक्रम गंभीरपणे बघू लागलं. जोडी होती! साहेबांनी ती मोजली, होयबाला मोजायला लावली. त्यानं या वेळी झाकणं काढली होती, तरी खात्रीसाठी दोनदा होय म्हणाला. मग साहेब सरळ झाले.

“रस्ता वळेल,” ते म्हणाले. “पण हा शिवला कुणी?”

सगळ्यांच्या माना हळूहळू छत्रीकडे वळल्या.

“कापूस जरा कमी पडला,” अण्णा खाकरून म्हणाले. “नाहीतर एवढ्यात उसवला नसता.”

“हात चांगला आहे तुमचा. आणखी दोन ठिकाणी पाहणी व्हायचीय. दोन नग शिवाल?”

अण्णांनी लेकीकडे बघून मान डोलावली.

साहेब गेल्यावर जोडी ढोलीत शिरली. मग घुबडताईनं आपली दोरी स्वतःच्या हातानं वर उचलली, अण्णांनी खालून वाकून ओढा ओलांडला आणि आकडीनं बाहुला उतरवला. तो तिथे राहिला असता तर खरा बिचारा दिवसभर भांडत बसला असता. दोघं घराकडे निघाली. बाहुला घुबडताईच्या कुशीत, एका डोळ्यानं आभाळ बघत.

“अण्णा, सांगितलं का नाहीत?”

“बोलू दिलंस कुठे? म्हटलं, खरा येईल, भांडेल, तुला दिसेल. मग सांगू. तर तू यालाच बघून रडायला लागलीस! एवढी आनंदात तुला कधी बघितलीच नव्हती गं. मग जीभ उचलेना.”

घुबडताईनं बाहुल्याचा उरलेला डोळा बोटानं पुसला.

“पण माझीच बटणं का?” तिनं विचारलं.

“डब्यातली सगळी लावून बघितली. काळी, निळी, शिंपल्याची. नजर येईना.” अण्णा छत्रीच्या दांड्याशी बोलत होते. “तू मशीनखाली बसून वर बघायचीस ना, तसे डोळे हवे होते मला. मी घुबडासारखे म्हणून ओरडायचो. खरं म्हणजे ते डोळे खाली नसले की माझी शिवण वाकडी जायची. हे कधी बोललोच नाही.”

घुबडताईनं बाहुल्याच्या फाटक्या पाठीत तोंड लपवलं. कापड मऊ होतं, भारी होतं, आतून रेशमी अस्तर लागत होतं. थोडं ओळखीचंही वाटत होतं.

“अण्णा,” ती हळूच म्हणाली, “हे कापड कुठलं?”

फाटकातून मास्तरांचा आवाज आला. “काय गं, पिंगळा सापडला वाटतं! आता माझा कोट शोधूया का? उद्या समारंभ आहे!”

अण्णा जागच्या जागी थांबले. त्यांनी आकडी लेकीच्या हातात दिली, छत्री तोंडासमोर उघडली आणि छत्रीआडून म्हणाले, “तेही सांगायचं राहिलं होतं. पण तू घाबरू नकोस. दोन नग शिवायला बाह्या शिल्लक आहेत.”